मोहल्ल्यात स्काउट-गाइडचं पथक कसं उभारायचं आणि कसं टिकवायचं

मंडळाच्या सभेत कुणीतरी उठून म्हणतं, "मुलांसाठी काहीतरी सुरू करा, नुसती मोबाइल घेऊन बसतात." सगळे माना डोलावतात, चहा येतो, आणि विषय पुढच्या सभेवर जातो. इंदूरातल्या आमच्या मंडळात अशाच एका सभेत मी हात वर केला, त्याला चौदा वर्षं झाली. तेव्हापासून मी गाइड कॅप्टन, म्हणजे मुलींच्या पथकाची प्रमुख आहे आणि गेली काही वर्षं आमच्या गटाचं एकूण कामही बघते. आपल्या वस्तीत असं पथक काढावं असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पहिल्या वर्षी माझं काय चुकलं ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. पहिल्या रविवारी सव्वीस मुली आल्या. मी खेळ घ्यायची, गाठी शिकवायची, हजेरी मांडायची, भांडणं सोडवायची, दोरखंड घरून आणायची आणि घरी न्यायची. सात महिन्यांनी नऊ मुली उरल्या. एका जुन्या प्रशिक्षकांनी दूर उभं राहून अख्खी बैठक पाहिली आणि एवढंच विचारलं, "मॅडम, चार टोली नायक किस काम के लिए बनाए हैं?" मी टोलीनायक नेमल्या होत्या, पण त्यांच्या हाती शिट्टीसुद्धा दिली नव्हती.

एक शब्दांचा खुलासा. पथकातल्या छोट्या तुकडीला महाराष्ट्रातल्या पुस्तकांत 'संघ' आणि तिच्या प्रमुखाला 'संघनायक' म्हणतात. आमच्याकडे कागदपत्रं हिंदीत, त्यामुळे बोलण्यात 'टोली' आणि 'टोलीनायक' रुळले. मी तेच वापरते.

माणसं आणि कागद

मुलं गोळा करण्याआधी मोठी माणसं गोळा करा. किमान दोन, आणि तिसरा हाताशी. एकट्या माणसाच्या जिवावर पथक काढू नका. त्याच्या घरी लग्न निघालं की महिनाभर मैदान रिकामं राहतं आणि मुलं परत येत नाहीत. गाइड कंपनीला, म्हणजे मुलींच्या पथकाला, कॅप्टन बाईच लागते. आमच्या वस्तीत सगळ्यात पक्क्या निघाल्या त्या निवृत्त शिक्षिका नाहीत, तर ज्यांची स्वतःची मुलं पथकात होती अशा दोन आया.

भारत स्काउट्स अँड गाइड्स या देशभरच्या संस्थेत बहुतेक पथकं शाळांची असतात. पण मंडळ, वाचनालय, रहिवासी संघ यांच्या आधारानं शाळेबाहेरचं मुक्त पथकही काढता येतं. त्यासाठी आधी जिल्हा संघाच्या कार्यालयात जा आणि जिल्हा संघटन आयुक्तांना भेटा. गटाची नोंदणी, सभासदांचं वार्षिक शुल्क, नेत्यांची (पथक चालवणाऱ्या मोठ्या माणसांची) नियुक्ती ही कामं तिथूनच होतात. जाताना मंडळाचा ठराव, जागा वापरू देण्याचं पत्र आणि दोन्ही नेत्यांची ओळखपत्रं जवळ ठेवा; पत्राशिवाय गेलात तर दोन चकरा वाढतात. नोंदणी दरवर्षी नवी करावी लागते. ती तारीख लक्षात ठेवण्याचं काम गट समितीतल्या एका पालकावर टाका, स्वतःकडे ठेवू नका.

गटात वयाप्रमाणे विभाग असतात. दहा वर्षांपर्यंतची मुलं कब आणि मुली बुलबुल, त्यापुढे साधारण सतरापर्यंत स्काउट आणि गाइड, मग पंचविशीपर्यंत रोव्हर आणि रेंजर. कागदावर हे सगळं एकदम काढायचा मोह होतो. काढू नका. एक स्काउट पथक किंवा एक गाइड कंपनी दोन वर्षं नीट चालवा. धाकटी भावंडं आपोआप कुंपणाशी येऊन उभी राहतात, तेव्हा कबचा विचार करा.

मुलींच्या घरच्यांना समजावणं अजूनही वेगळं काम आहे. मी घरी जाते, आजीजवळ बसते. भारतातली पहिली गाइड कंपनी १९११ मध्ये जबलपुरात निघाली, म्हणजे हे काही कालचं खूळ नाही, हे सांगितलं की आजी जरा सैलावते. मग ती विचारते, "पण रात्री मुक्कामाला बाई कोण?" त्या प्रश्नाचं उत्तर नावासकट तयार हवं.

प्रशिक्षण चुकवू नका

शाळेत असताना मीही गाइड होते, त्यामुळे मला सगळं येतं असं वाटायचं. नेत्यांचा बेसिक कोर्स सात दिवसांचा असतो. त्यात तुम्हाला टोलीत राहावं लागतं, तंबूत झोपावं लागतं, चूल पेटवावी लागते. पन्नाशीच्या एका शिक्षिका माझ्या टोलीनायक होत्या. पाण्याच्या रांगेत उभं राहताना टोलीतल्या शेवटच्या मुलीला काय वाटत असेल, ते मला तिथे कळलं. पुढे ॲडव्हान्स कोर्स, आणि त्यानंतर हिमालय वुड बॅज, ज्याची खूण म्हणजे गळ्यातले दोन लाकडी मणी.

मध्य प्रदेशात राहणाऱ्यांची एक सोय अशी, की राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र पचमढीला आहे. इंदूरहून जबलपूरची रात्रीची गाडी पकडायची, पिपरियाला उतरायचं आणि पुढे घाट चढायचा. हिवाळ्यात जाणार असाल तर एक ब्लँकेट जास्त घ्या. कोर्सची तारीख मिळेपर्यंत थांबून राहू नका, पण पहिलं मुक्कामी शिबिर मात्र बेसिक झालेल्या माणसाशिवाय नेऊ नका.

मुलांची सुरक्षितता

हे नियम पहिल्याच दिवशी लिहून पालकांना वाचून दाखवायचे. कुठलाही मोठा माणूस कुठल्याही एका मुलाबरोबर बंद जागेत एकटा राहणार नाही. बैठक असो की शिबिर, दोन मोठी माणसं असतीलच. नेत्यांनी मुलांना खाजगी मेसेज करायचे नाहीत. निरोप पालकांच्या मेसेज-ग्रुपवर जातील. मुक्कामात मोठ्यांचे तंबू वेगळे. मुलांना शिक्षा म्हणून उपाशी ठेवणं, उन्हात उभं करणं, मारणं बंद. नव्या स्वयंसेवकाची दोन घरी चौकशी केल्याशिवाय त्याला मैदानावर घेऊ नका, मग तो कुणाचाही भाचा असो.

एखाद्या मुलानं काही सांगितलं तर ऐकून घ्या, उलटतपासणी करू नका. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 'मंडळाचं नाव खराब होईल' म्हणून ते घरात मिटवता येत नाही. मुलांच्या मदतीचा १०९८ हा क्रमांक आमच्या सामानाच्या पेटीच्या झाकणावर आतून रंगवलेला आहे. मुलं पेटी दर बैठकीला उघडतात, त्यांना तो पाठ झाला आहे.

टोल्या बांधणं

एका टोलीत सहा ते आठ जण, आणि पथकात चार टोल्या, म्हणजे बत्तीसच्या वर जायचं नाही. बारा मुलं असली तरी सुरुवात होते, दोन टोल्या करा.

उंचीप्रमाणे किंवा हजेरीच्या क्रमानं टोल्या पाडू नका. मी पहिल्या तीन बैठका नुसते खेळ घेते आणि पाहत राहते. कोण कुणाच्या सायकलवर येतं, कोण कुणाची वाट पाहतं. मग प्रत्येकाला चिठ्ठीवर अशी दोन नावं लिहायला सांगते, ज्यांच्याबरोबर राहायला आवडेल. त्यातलं एक तरी नाव टोलीत असेल असं जुळवते. चिठ्ठीवर कुणीच ज्याचं नाव लिहिलं नाही, त्या मुलाला सगळ्यात मायाळू टोलीनायकाकडे द्यायचं, आणि हे कुणालाही सांगायचं नाही.

टोलीनायक टोलीनं निवडावा, तुम्ही संमती द्यावी. बहुतेक वेळा मुलं बरोबर निवडतात. वर्गात पहिला येणारा मुलगाच नायक व्हावा असा पालकांचा आग्रह असतो. त्याला नम्रपणे नाही म्हणा. स्काउटच्या टोलीला प्राण्या-पक्ष्यांची नावं असतात, गाइडच्या टोलीला फुलांची. नाव, झेंडा, हाक आणि मैदानातला आपला कोपरा, हे चार दिवसांत मुलांचं स्वतःचं होऊन जातं. आमच्या एका टोलीचा कोपरा गुलमोहराखाली आहे आणि दुसऱ्या कुणी तिथे चपला काढलेल्या त्यांना चालत नाहीत.

आता महत्त्वाचं. टोलीनायकांचं प्रशिक्षण वेगळं घ्या. बुधवारी संध्याकाळी चाळीस मिनिटं मी चौघींना भेटते. रविवारी जी गाठ शिकायची ती मी फक्त या चौघींना शिकवते. रविवारी त्या आपापल्या कोपऱ्यात शिकवतात आणि मी फिरत राहते. सुरुवातीला चुकीची गाठ शिकवली जाते. दिसत असतं, हात शिवशिवतात. तरी सगळ्यांसमोर दुरुस्त करायचं नाही. टोलीनायकाला बाजूला बोलवून तिच्याच दोरीवर दाखवायचं, मग ती परत जाऊन सुधारते. ही एक सवय मला लावायला वर्ष लागलं, आणि त्या वर्षात मुली गळणं थांबलं.

महिन्यातून एकदा मानसभा. सगळे टोलीनायक, आणि तुम्ही सल्ल्यापुरते. अध्यक्ष त्यांच्यातलाच. शिस्तीचे प्रश्न, पुढचा कार्यक्रम, पैसे कशावर खर्चायचे, हे तिथे ठरतं आणि ठरलेलं पाळायचं. एकदा पैसे साठले तेव्हा मंडळातल्या मोठ्यांना मुलांसाठी नाव छापलेले टी-शर्ट हवे होते. मानसभेनं ताडपत्री मागितली. ताडपत्रीच आली, आणि पुढच्याच शिबिरात पाऊस झाला.

रविवारची बैठक

आमची वेळ सकाळी साडेसातची. इंदूरात रविवारी नऊनंतर पोह्यांचा बेत असतो, तो मोडायला सांगितलं तर घरचे दोनदा पाठवतात आणि तिसऱ्यांदा पाठवत नाहीत. नव्वद मिनिटं पुरतात. पहिली दहा मिनिटं घोड्याच्या नालेच्या आकारात उभं राहून ध्वज, प्रार्थना आणि निरीक्षण. निरीक्षण म्हणजे नखं, रुमाल, बुटांच्या नाड्या. ते टोलीनायक करतो, तुम्ही नाही. मग धावपळीचा एक खेळ. त्यानंतर पंचवीस मिनिटं टोलीच्या कोपऱ्यात शिकणं, मग जे शिकलं तेच वापरावं लागेल अशी टोल्यांची चुरस. मग बसून एक गोष्ट किंवा गाणं, सूचना, ध्वज उतरवणं. कागदावर सोपं दिसतं. खरी मेख एवढीच, की दोन गोष्टींच्या मध्ये मुलं पाच मिनिटं रिकामी उभी राहिली की बैठक हातातून जाते. पुढच्या खेळाचं सामान मागचा खेळ चालू असतानाच मांडलेलं हवं.

गाठी शिकवताना नावापेक्षा काम आधी दाखवा. पट्टी बांधताना डॉक्टरी गाठ, तंबूच्या खुंटीला खुंटा फांस, जाड-बारीक दोर जोडायला जुलाहा गाठ. आमच्याकडे गणपतीच्या मांडवाची बांबूबांधणी मुलं करतात, तेव्हा त्यांना गाठ विसरणं परवडत नाही. प्रत्येकाकडे स्वतःची तीन मीटरची सुती दोरी असावी. नायलॉन घसरतो, नवशिक्याला त्यावर गाठ समजत नाही.

प्रवेशाला किमान तीन महिने लागतात. तेवढ्यात शिकायचं ते असं: वचन, नऊ नियम, खूण, प्रणाम, डाव्या हाताचं हस्तांदोलन, रोजचं एक सत्कृत्य. गणवेश या काळात घ्यायला लावू नका. तीन महिन्यांत कोण टिकतं ते कळतं, आणि ज्या घरात एकाच पगारावर पाच माणसं जगतात तिथे तो खर्च मोठा असतो. जुने गणवेश धुऊन इस्त्री करून पेटीत ठेवा आणि कुणाला दिले ते फक्त नेत्याला माहीत असू द्या. दीक्षाविधीला पालकांना नक्की बोलवा. पुढे प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार अशी वाट आहे. बिल्ल्यांची घाई करणारी पथकं मी पाहिली आहेत. परीक्षा होतात, प्रमाणपत्रं येतात आणि मुलाला चूल पेटवता येत नाही.

पैसे आणि खरी कमाई

बँकेत मंडळाच्या खात्यापेक्षा वेगळं खातं, दोघांच्या सह्या, आणि प्रत्येक रुपयाची पावती. दर तिमाहीला हिशेब पालकांना दाखवा, कुणी मागितला नसला तरी. टोलीच्या वर्गणीचा हिशेब टोलीतलाच एक खजिनदार ठेवतो, दहा-दहा रुपयांचा का होईना.

खरी कमाई ही स्काउटिंगची फार सुंदर प्रथा आहे: मुलांनी काम करून पैसे मिळवायचे, देणगी मागायची नाही. आम्ही दिवाळीच्या आधीचे दोन रविवार घेतो, कारण तेव्हा घरोघरी साफसफाई असते. पंखे पुसणं, सायकली धुणं, कुंड्यांची माती बदलणं, रद्दी बांधणं. काम आणि रक्कम आधी ठरते. मुलं जोडीनं जातात, ओळखीच्याच घरी जातात, आणि गल्लीच्या टोकाला एक पालक खुर्ची टाकून बसतो. 'घ्या पन्नास रुपये, काम राहू दे' म्हणणाऱ्या काकांना मुलांनीच सांगायचं, काका, काम द्या. हे वाक्य म्हणायला लाजणारी मुलगी दुसऱ्या रविवारी ठणकावून म्हणते. पालकांनी घरून पैसे देऊन आकडा फुगवायचा नाही, हे आधी स्पष्ट सांगा. तसं झालं की सगळ्या मुलांचा उत्साह मरतो.

सेवा

अनंत चतुर्दशीच्या झांकीला, म्हणजे देखाव्यांच्या मिरवणुकीला, इंदूर रात्रभर जागतं. आमची मोठी मुलं पाण्याच्या टेबलावर आणि हरवलेल्या मुलांच्या बाकावर असतात, ती नऊ वाजेपर्यंतच. पुढे रोव्हर आणि पालक. पोलिसांना आधी लेखी कळवायचं. मुलांना गर्दी आवरायला दोरी धरून उभं करायचं नाही, ते त्यांचं काम नव्हे. २०२८ ला उज्जैनचा सिंहस्थ आहे. तिथे सेवेला जावं असं वाटणाऱ्या मुलांचं वय, प्रथमोपचार आणि तब्येत याची तयारी आतापासून करता येते. ऐन वेळी नावं देऊन होत नाही.

पहिली सहल, पहिलं शिबिर

आधी एका दिवसाची पायी सहल. रालामंडल शहराला लागून आहे, पण ते अभयारण्य आहे, तेव्हा वनविभागाला विचारून आणि प्लास्टिक घरी ठेवून जा. जरा चालणारी मुलं झाली की महूकडे जानापाव, जिथे चंबळ उगम पावते. पातालपाणी आणि इतर धबधब्यांकडे पावसाळ्यात मुलांना नेऊ नका. २०११ च्या जुलैत पातालपाणीला सहलीला आलेलं कुटुंब अचानक आलेल्या पाण्यात सापडलं आणि जीव गेले. वरच्या बाजूला पाऊस पडला तर आपल्या डोक्यावर ऊन असतानाही प्रवाह मिनिटांत चढतो. कोरड्या पात्रात जेवायला बसणंसुद्धा टाळा.

मुक्कामाचं शिबिर डिसेंबर-जानेवारीत, दोन रात्रींचं. जागा तुम्ही स्वतः आधी एकदा रात्री पाहून या: पाणी कुठून येतं, गाडी कुठवर पोचते, फोन लागतो का, जवळचं रुग्णालय किती दूर. पालकांच्या संमतीपत्रावर औषधं, ॲलर्जी, दमा, झोपेत चालणं, अंथरूण ओलं होणं हे सगळं विचारा. शेवटचं उत्तर गुपित राहील असं सांगा आणि ठेवा.

स्वयंपाक टोलीनं करायचा. आमचा अंदाज माणशी एका वेळेला असा: तांदूळ ऐंशी ग्रॅम, डाळ चाळीस ग्रॅम, कणीक शंभर ग्रॅम, न्याहारीला पोहे सत्तर ग्रॅम. थंडीत मुलं जास्त खातात, दहा टक्के वाढवा. यादी टोलीनं करायची, तुम्ही वाचायची. एकदा एका टोलीच्या यादीत मीठ नव्हतं. मला दिसलं होतं, मी गप्प राहिले. त्यांनी अळणी खिचडी खाल्ली नाही. शेजारच्या टोलीकडे वाटी घेऊन गेल्या, बदल्यात त्यांची भांडी घासली. औषधांची, अंथरुणाची किंवा पाण्याची चूक असती तर मी तिथल्या तिथे बोलले असते. कुठली चूक होऊ द्यायची आणि कुठली नाही, हे आधीच मनाशी ठरवून ठेवा.

शौचासाठी चर खणायचा असेल तर स्वयंपाक आणि पाण्यापासून निदान साठ मीटर दूर, उताराच्या खालच्या बाजूला, आणि वापरानंतर प्रत्येक वेळी माती. पाणी उकळलेलं किंवा क्लोरीनच्या गोळीचं. प्रथमोपचार पेटीत ओआरएस, गॉझ, रोलर पट्ट्या, त्रिकोणी पट्ट्या, कात्री, थर्मामीटर आणि हातमोजे. साप चावला तर चिरणं, चोखणं, करकचून बांधणं काही करायचं नाही. मुलाला हलू न देता गाडीत घालून थेट रुग्णालय. गाडी शिबिरात सतत उभी पाहिजे, चालकासकट.

शेकोटीच्या रात्री मराठी, हिंदी, माळवी सगळं चालतं. आमच्याकडे अर्धी मुलं मराठी घरातली, अर्धी शेजारपाजारची. मंडळातल्या काहींना हे खटकलं होतं. मी आग्रह धरला, आणि आज त्याच शेजाऱ्यांच्या गच्चीवर आमचे तंबू वाळतात.

टिकवणं

गळती ठरलेल्या वेळी होते. फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षा, आणि नववी-दहावी. परीक्षेच्या दोन महिन्यांत आम्ही बैठक पंधरवड्यावर आणतो, पण बंद करत नाही. २२ फेब्रुवारीला बेडन-पॉवेल यांचा जन्मदिवस चिंतन दिन म्हणून एक तासात साजरा होतो, तेवढ्यासाठी दहावीतल्या मुलीही येतात. ७ नोव्हेंबरला संस्थेचा स्थापना दिन. १९५० मध्ये त्या दिवशी जुन्या स्काउट संघटना एकत्र आल्या. दिवाळीच्या सुट्ट्यांनंतर मुलं परत जमवायला ही तारीख आम्हाला फार उपयोगी पडते. सलग तीन रविवार न आलेल्या मुलाच्या घरी टोलीनायक जातो, चौथ्यांदा तुम्ही. फोन नको, घरी जा. कारण बहुतेक वेळा लहान असतं: बूट फाटलेत, किंवा टोलीत कुणी काही बोललं.

स्वतःच्या जागी माणूस तयार करायला तिसऱ्या वर्षापासून लागा. माझी आताची सहायक माझीच जुनी टोलीनायक आहे. तिला मी चार गोष्टी दिल्या: सभासदांची वही, हिशेबाची वही, पालकांच्या संमतीपत्रांची फाइल आणि सामानाच्या पेटीची किल्ली. किल्लीची दुसरी प्रत ज्येष्ठ टोलीनायकाकडे असते. रविवारी मी पोचते तेव्हा पेटी उघडलेली असते आणि दोऱ्या मोजून झालेल्या असतात.